गडावर खायचा भात

नगरात दिल्लीगेटच्या आत, नीलांबरीच्या अंगणात दिवाळीनंतर भात वाळत घातलेला दिसायचा. कुरडया नाहीत, पापड नाहीत, चक्क शिजवलेला भात. जुन्या धुवट धोतरावर शीत न शीत सुटं करून पसरलेला. शेजारच्या प्रेमलाकाकू कुंपणावरून बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. शिजलेला भात म्हणजे खरकटं, आणि खरकटं कुणी असं उन्हात मांडून बसतं का? नीलांबरी शांतपणे म्हणायची, “काकू, कुरडईचा चीक तरी आपण कच्चा घालतो का?” काकू आणखीच चिडायच्या.

हा सगळा खटाटोप नवऱ्यापायी होता. शरच्चंद्र शाळेत ड्रॉइंग मास्तर. माणूस स्वभावाने अगदी गरीब, पण नाताळची सुट्टी लागली की त्यांच्या अंगात यायचं. शामकांत आणि हेमचंद्र हे दोन मित्र बरोबर घ्यायचे, राजूरपर्यंत मोटार गाठायची आणि तिथून पायी हरिश्चंद्रगड. चार दिवस गडावर राहायचं, चित्रं काढायची, गप्पा हाणायच्या. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, धान्य रेशनवर. गडाखालच्या पाचनईत कुणाच्या पानावर बसावं, तर त्या बिचाऱ्यांच्याच घरात दाणा मोजका. स्वतः रांधावं, तर तिघांतल्या एकालाही धड चूल पेटवता येत नव्हती. पहिल्या वर्षी मंडळी चुरमुरे आणि गूळ खाऊन परतली. शरच्चंद्रांचं पोट पुढे कितीतरी दिवस ठिकाणावर नव्हतं.

तेव्हा नीलांबरीने मनावर घेतलं. शिजवलेलंच वाळवून द्यायचं, म्हणजे वर नुसतं पाणी घालून उकळलं की झालं. बोलायला सोपं, पण करताना नाकी नऊ आले. पहिली आमटी तिने फोडणी घालून आटवली आणि ताटात थापून वाळवली. दिसायला आंबापोळीसारखी देखणी झाली, पण तेलाने खवट पडली. मग फोडणीला रजा दिली. नुसतं वरण घोटून, हळद-मीठ-आमसूल घालून पातळ थापायचं, वाळलं की मोडायचं. जिरं-खोबरं भाजून कुटलेलं वेगळं द्यायचं. वांग्याचे काप वाफवून वाळवले. मेथी वाळवली. नगरचं हिवाळ्यातलं कोरडं ऊन एरवी कातडी फोडतं, पण या कामाला सोन्यासारखं. तुकडा मोडताना कट् असा आवाज आला पाहिजे. वाकला तर तो परत उन्हात. एकेका माणसाच्या एकेका जेवणाची पुरचुंडी बांधायची, आणि लढाई संपल्यावर भिंगारच्या लष्करी लिलावातून आणलेल्या हॅवरसॅकमध्ये, म्हणजे शिपायांच्या खांद्यावरच्या पिशव्यांमध्ये, रचून द्यायची.

मंडळी परत आली की ती दारातच विचारायची, “कसं झालं होतं?”

“छान,” शरच्चंद्र म्हणायचे.

“आमटी?”

“छान.”

“वांगी भिजली का नीट?”

“अगं, सगळं छान होतं.”

आता सांगा, या छानचं करायचं काय? माणूस चित्र काढताना झाडाच्या सावलीत तीन रंग शोधतो आणि बायकोच्या आमटीला त्याच्याकडे एकच शब्द. नीलांबरी रागावायची नाही, पण मनातून खट्टू व्हायची. घरातला रोजचा स्वयंपाक सासूबाईंनी शिकवला तसा ती करत आली होती. हे एवढं एकच काम तिने स्वतःच्या डोक्याने काढलं होतं, आणि ते बरं झालं की वाईट, हे तिला धड कळत नव्हतं. तिने घरी भिजवून, उकळून पाहिलं होतं, पण घरी ते कोण खाणार? ते गडावरच्या वाऱ्यात, भुकेल्या पोटाने खायचं अन्न. तिथेच बसून एकदा खाल्ल्याशिवाय आपल्याला खरं कळायचं नाही, हे तिच्या मनाने घेतलं. दर वर्षी ते जास्तच घेत गेलं.

सत्तेचाळीस साली मुलगी इंदू लग्न होऊन जळगावला गेली. घर रिकामं झालं. दिवाळी झाली आणि नीलांबरीने भात वाळत घालता घालता सांगून टाकलं, “यंदा मी येणार गडावर.”

शरच्चंद्र गोंधळले. “अगं, वर बायका येत नाहीत.”

“पाचनईच्या बायका सरपण घेऊन रोज चढतात, तुम्हीच सांगता.”

“त्यांची गोष्ट वेगळी.”

“त्यांना पाय आहेत, मलाही आहेत. मला माझं जेवण तिथे बसून खायचंय. बाकी काही नको.”

शरच्चंद्रांनी राजूरच्या मोटारीत एक जागा जास्त धरली. माणूस गरीब होता, हे मी आधीच सांगितलं.

नऊवारीचा काष्टा घट्ट करून नीलांबरी चढली. पाचनईचा गोरक्ष, दर वर्षी मंडळींना वाट दाखवणारा, पुढे चालत होता आणि मधून मधून मागे बघत होता. “बाई, बसा जरा,” तो म्हणायचा. ती बसायची नाही. हेमचंद्र मात्र प्रत्येक वळणावर बसत होते.

वर पोचेस्तोवर उन्हं उतरली. लेण्याच्या तोंडाशी दगडांची चूल मांडली, टाक्यातलं पाणी आणलं. पाणी कसलं, बर्फच तो. तिने त्यात भाताच्या तीन आणि दुसऱ्या भांड्यात आमटीच्या तीन पुरचुंड्या सोडल्या. वारा जाळ उडवत होता, धूर डोळ्यांत जात होता, आणि शामकांतांचं “वहिनी, झालं असेल, वाढा” सुरू झालं होतं. रांधताना चाखून बघायची तर तिला सवयच नव्हती. वाढण्याआधी अन्न उष्टं करायचं नाही, हे माहेरापासून अंगात मुरलेलं. तिने वाढलं. तिघे मान खाली घालून जेवले. हेमचंद्रांनी आणखी भात मागितला, तिने वाढला. शामकांतांनी आमटीचं भांडं कलतं करून शेवटचा थेंब घेतला.

मग ती आपलं पान घ्यायला वळली. भांडं रिकामं होतं. तिने पिशवीत हात घातला. दुसरी पिशवी उपसली. भाताच्या पुरचुंड्या, आमटीच्या, भाजीच्या, सगळ्या मांडल्या. प्रत्येक जेवणाच्या तीन. गडावर जाऊन स्वतःचं जेवण जेवायचं म्हणून दीड महिना राबलेल्या बाईने स्वतःचं जेवण बांधलंच नव्हतं.

आणि बांधणार कसं? घरी तिने स्वतःसाठी कधी मूठभर तांदूळ वेगळा धरला होता? सगळ्यांची पानं वाढून झाली की भांड्याला जे राहील ते तिचं. कधी भरपूर राहायचं, कधी खरवड. ते कधी मोजायचं नसतं. पण पुरचुंडीत उरणारं असं काही नसतंच. नीलांबरी त्या गाठोड्यांकडे बघत राहिली आणि तिला रडूच फुटलं. दुसऱ्या कुणी विसरलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे विसरणारी तीच.

“काय झालं गं?” शरच्चंद्र उठून आले. त्यांनी पुरचुंड्या पाहिल्या, रिकामं भांडं पाहिलं, आणि ते चरकले. “आधी बोलायचं नाही का? आम्ही कमी खाल्लं असतं.”

“मला माहीत असतं तर बोलले असते ना.”

गोरक्ष पलीकडे स्वतःची शिदोरी सोडून बसला होता. त्याने नाचणीच्या भाकरीचा अर्धा तुकडा, वर मिरचीचा ठेचा, तिच्यापुढे धरला. “आमची भाकर चालंल का, बाई? उपाशी झोपू नगा, लई गारठा हाय.” नीलांबरीने ती घेतली. कुणाची भाकरी चालते आणि कुणाची नाही, याचा हिशोब तिला त्या घडीला करावासा वाटला नाही. भाकरी तिने चावून चावून खाल्ली. पण तिला हवं होतं ते हे नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा चूल पेटवली. भाताच्या, आमटीच्या, मेथीच्या तीन-तीन पुरचुंड्या शिजवल्या, आणि उतरवल्यावर पहिलं ताट वाढलं ते स्वतःचं. तिघे आपापली ताटं घेऊन उभे होते.

“बसा जरा,” ती म्हणाली. “मी आधी जेवते.”

शामकांतांनी आकाशाकडे बघितलं. नीलांबरीने आमटीभात कालवला आणि घास घेतला. चावला. थांबली. दुसरा घेतला.

भात चिवट होता. प्रत्येक शिताच्या पोटात खडा राहिला होता. वरणाचे तुकडे विरघळलेच नव्हते, दाताखाली कचकचत होते. घरच्या पाण्यात जे घटकेत फुलायचं, ते टाक्याच्या या गार पाण्यात भिजतच नव्हतं. आधी पाणी तापवून, त्यात झाकून ठेवायला हवं होतं. एवढीशी गोष्ट. नगरात बसून ती जन्मात कळली नसती.

“दर वर्षी हे असंच होतं?” तिने विचारलं.

शरच्चंद्रांनी मान खाली घातली.

“इतकी वर्षं हे कचकचणारं खाताय, आणि घरी येऊन छान म्हणता?”

“तू एवढं राबतेस,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या जेवणाला नावं कशी ठेवायची?”

“ठेवायची. ठेवली असती तर मी पुढच्याच वर्षी नीट केलं असतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला चांगुलपणाने अडाणी ठेवलंत.” तिने ताट खाली ठेवलं. “मला वाईट म्हणा, पण खरं सांगा.”

वाऱ्याने चुलीतली राख उडाली. हेमचंद्र ताटाची कड पुसत राहिले. शेवटी शरच्चंद्र तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्या ताटातला एक घास उचलून त्यांनी तोंडात घातला आणि चित्राकडे बघावं तसं लक्ष देऊन चावला.

“भात आतून कच्चा लागतो,” ते म्हणाले. “आणि मेथी कडू होते. फार कडू.”

नीलांबरीने पदराने डोळे पुसले आणि नीट मांडी घालून बसली.

“आणखी सांगा,” ती म्हणाली, आणि तिने पुढचा घास घेतला.