मागच्या जिन्याचं कुलूप

मित्रहो, एक सांगायचंय.

आज दुपारी लातुरात एका क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर दोन फोर-के, म्हंजे लई बारीक चित्राचे, मॉनिटर संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला जोडत होतो. दुसऱ्याला त्यो भार न पेलणारी जुनीच केबल लावली, अन् पडद्यावरचं चित्र गदागदा हलायला लागलं.

शिकवणाऱ्या सरांचं घर भूकंपात गेलेलं. पडदा बघताच ते ओरडले, "भूकंप! पळा!"

सगळी पोरं मागच्या जिन्याकडं धावली. मीपण. दाराला कुलूप! पोरं तास बुडवतात म्हणून लावलेलं. समोर दाराशी दबलेली एक पोरगी म्हणाली, "काका, श्वास घेता येईना."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पायाखालची जमीन हलतच न्हाई. बोंबललो, "भूकंप न्हाई, केबल खराब हाय!"

पोरं मागं सरली, पोरीला श्वास घेता आला. केबल बदलली, चित्र थांबलं. कुलूप तसंच हाय.

तुमच्या लेकरांच्या क्लासमधी मागच्या जिन्याची चावी कुणाकडं असते?