मागाच्या आवाजातलं बोलणं

मेंदूज्वर होऊन गेलेल्या मुलांच्या पालकांना आमची संस्था कोल्हापुरात महिन्यातून एकदा एकत्र बोलावते. मी तिथे चहा देते. बोलण्याचं काम शक्यतो इतरांवर सोडते.

त्या रविवारी इचलकरंजीचे एक यंत्रमाग कामगार आले होते. कॉलरला सुताचे तंतू, आणि बोलताना ओठ जरा जास्तच हलवायची सवय. त्यांच्या मुलीचं ऐकणं त्या तापात गेलं होतं.

शेजारी कोडोलीची एक तरुण आई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. त्या लेकीचंही तसंच झालं होतं. "ऐकूच येत न्हाय, तर बोलून काय करू? मी बोलायचंच सोडलंय," ती म्हणाली. ती रडत नव्हती, म्हणून मला तिच्याकडे बघवेना.

"सोडू नगासा, ताई!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की मी दचकले. "कारखान्यात माग सुरू झालं की आमाला कुणालाच काय ऐकू येत न्हाय. म्हणून आमी काय मुकं हाय व्हय? तोंडाकडं बघून एकमेकाची चेष्टाबी करतोय की!"

कुणीतरी हसलं. आईने लेकीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश विचारलं, "भूक लागली?"

मुलीला कळलं नसावं. पण तिने आईच्या ओठांवरची नजर काढली नाही, म्हणून आईने पुन्हा विचारलं.