कोणाशेजारी बसायचं नाही?

लगेच ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाचा अक्कांना संशय यायचा. हा काहीतरी लपवतो आहे, अशी त्यांची खात्रीच असायची. सावद्याला त्यांचा केळीच्या वेफर्सचा कारखाना होता. पत्र्याची एक शेड, चार कढया, एकवीस बायका. मी तिथे व्यवस्थापक म्हणून गेले तेव्हा त्यांनी माझा अर्ज वाचला, घडी घालून उशाखाली ठेवावा तसा गल्ल्याखाली सारला आणि म्हणाल्या, “आठ दिवस नुसतं बसायचं. हजेरी पूर्ण मिळेल. कामाला हात लावायचा नाही.”

ती तिथली रीतच होती. नव्या बाईने कच्ची केळी सोलणाऱ्यांच्या रांगेत बसायचं, बघायचं, डबा त्यांच्याबरोबर खायचा. काम न करता हजेरी कोण देतं? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. नवव्या दिवशी अक्का सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारायच्या, “इथं कोणाशेजारी बसायला नको वाटतं?”

मी शहाणपणा केला. म्हटलं, “कोणाहीशेजारी बसेन. सगळ्या चांगल्या आहेत.”

अक्का मूळच्या साक्रीकडच्या. चिडल्या की अहिराणीवर यायच्या. “बठ्ठ्या चांगल्या शेतस? आठ दिनमा तुले कोनाच राग उना नही? मंग तू आमनाकडे दखंच नही.” आणि सगळ्यांकडे नीट पाहून घ्यायला मला आणखी आठ दिवस बसवलं.

दुसऱ्या वेळी मी वैतागलेलीच होते. “तुमच्याशेजारी नको,” मी म्हणाले. “बोलताना तुम्ही माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघता. चोर पकडायला बसल्यासारख्या.”

सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. अक्का मात्र खूश झाल्या. “हिचं टेबल माझ्या टेबलाला लावा,” म्हणाल्या.

जिचं नाव घेतलं तिच्याच शेजारी बसवायचं, हा नियमाचा पुढचा भाग मला तेव्हा कळला. मंदाच्या बडबडीने डोकं उठतं, असं सांगणारी सुशीला सहा वर्षं मंदाच्याच शेजारी बसत होती. दोघी रोज भांडायच्या. पण मंदा “मीठ जास्त पडलं” म्हणाली की सुशीला तणतणत का होईना, चाखून बघायची. मला हा सगळा वेळेचा खेळखंडोबा वाटे. मंदालाच मी एकदा विचारलं, अक्कांना ही खोड लागली कुठून? ती म्हणाली, “अक्का आधी दुसऱ्याच्या कारखान्यात होत्या. तिथं कढईचा कान सैल होता. सगळ्यांना माहीत होतं, बोललं कोणीच नाही. अक्कांचा कोपरापासूनचा हात बघा एकदा.”

माझं घर धुळ्याला, देवपुरात. सावद्याला मी भाड्याच्या खोलीत राहायचे. देवपुरात दुसरा कारखाना काढायचा, तिथल्या बायकांना काम द्यायचं आणि आपणही घरी परतायचं, हा माझा हिशोब पहिल्या वर्षापासूनचा. शेडही बघून ठेवली होती. अक्का दरवर्षी एकच उत्तर द्यायच्या, “इथल्या नव्या बाया अजून गोड बोलतात. थांब.” त्यांना मला सावद्यातच अडकवून ठेवायचं आहे, असा माझा पक्का समज झाला होता.

मग सुरतेच्या एका व्यापाऱ्याची मोठी मागणी आली. अक्का तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी साक्रीला गेल्या होत्या. एवढा माल काढून दाखवला की देवपूरला नाही म्हणायला त्यांना जागाच उरणार नाही, असं मी ठरवलं. एकाच दिवशी चौदा बायका घेतल्या, सगळ्या एकाच गावच्या. त्यांना आठ दिवस बसवलं नाही. मागच्या बाजूला नवी शेड घालून तिथल्या कढया थेट त्यांच्या हाती दिल्या. काय सांगितलं तरी त्या “हो ताई” म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

माल सुरतेहून परत आला. खवट.

अक्का आल्या. एक चकती हातात घेतली, हुंगली आणि चौदाजणींना विचारलं, “तेलाचा वास कोणाला आला होता?”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग त्यांनी विचारलं, “भीती कोणाची वाटली?” चौदाही जणींनी माझ्याकडे पाहिलं.

मला काढून टाकतील, असं वाटलं होतं. काढलं नाही. याचाही मला संशय आला. पुढे कधीतरी हे वापरतील, असं वाटत राहिलं. त्यांनी कधी विषयही काढला नाही. नवी शेड बंद केली, चौदाजणींना एकेक करून जुन्या रांगेत आठ दिवस बसवलं. व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं, “दोन महिने लागतील. थांबायचं तर थांबा.” तो थांबला नाही. व्यापारी हातचा गेला, असं मी त्यांना सुनावलं, तेव्हा म्हणाल्या, “गेला तर गेला. बाया शेतस ना?”

दोन वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि अक्का कायमच्या लेकीकडे जायला निघाल्या. मी शाल-नारळ आणला. नवी शेड तोवर पुन्हा सुरू झाली होती, तिथेच सगळ्या जमल्या. एकेक बाई उठून गुणगान करू लागली. अक्का अस्वस्थ झाल्या. “मी मेले का? एवढं गोड कशाला बोलता?”

तेव्हा रेखा उठली. त्या चौदाजणींतली सगळ्यांत अबोल. “अक्का, या शेडचा धूर बाहेर जात नाही. डोळे जळतात. ताईंना दोनदा सांगितलं. त्या ‘उद्या बघू’ म्हणतात.”

निरोपाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. मी रेखाकडे असं पाहिलं की दुसरी कोणी खाली बसली असती. ती उभीच राहिली.

अक्कांनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर टाकली. दाराशी गाडी उभी होती, जावई घड्याळ बघत होता. त्या भिंतीला धरत धरत धुराड्यापर्यंत गेल्या, वर बघितलं, डोळे पुसले आणि परत येऊन माझ्यासमोर थांबल्या.

“देवपूरची शेड अजून मोकळी शे का?”

“आहे.”

“मग घे.” त्यांनी रेखाकडे बोट केलं. “हिला बरोबर ने. आणि हा धूर आधी काढ.”