जांभळाच्या वाईनचे दोष

वाईन, खाणं आणि प्रवास यांबद्दल लिहायला बसलो आहे, त्याची आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पहिली वाईन मी एकविसावं सरल्यावर प्यायलो, तीही स्टीलच्या पेल्यातून. बाटल्यांवरची परदेशी नावं मला अजून नीट उच्चारता येत नाहीत, आणि जी गावं पाहिली ती दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. ज्यांना यातलं खरंच कळतं ते वाचून हसतील. तरी लिहितो, कारण यातलं जे थोडं मला कळलं त्याचं मी काय केलं, ते दुसरं कोणी लिहिणार नाही.

आमचं घर हिंजवडीजवळच्या घोटावड्यात आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वरच्या मजल्यावर चार खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत मराठवाड्यातले एक सर राहायचे. नोकरी हिंजवडीत. एका रविवारी त्यांचा फ्रिज बंद पडला आणि ते दोन बाटल्या घेऊन खाली आले. आईने बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला लावलं आणि मग आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवू दिल्या. संध्याकाळी सरांनी मला वर बोलावलं, पेल्यात दोन घोट ओतले आणि म्हणाले, "पिऊ नकोस. आधी वास घे. कशाचा येतो?"

मी बराच वेळ वास घेतला. चुकेल अशी भीती होती. शेवटी म्हणालो, "पेंढ्याचा. भिजून परत वाळलेल्या."

सरांनी माझ्या हातातून पेला घेतला, स्वतः वास घेतला आणि परत दिला. पुढच्या महिन्यात ते मला त्यांच्या मंडळींत घेऊन गेले.

ही सहा-सात हौशी माणसं होती. महिन्यातून एकदा जमायची, जमलं तर कुठेतरी जायची, तिथलं खायची आणि आणलेल्या बाटल्या उघडायची. त्यांचे पुढारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. मुठा गावात बंगला असलेल्या एक मॅडम होत्या, त्या फार कमी बोलायच्या. बाकीचे सरांच्या कंपनीतले. त्यांची एक रीत होती. बाटलीला पायमोजा घालायचा, म्हणजे लेबल दिसत नाही. मग ज्याची पाळी येईल त्याने चव घेऊन बोलायचं, पण आधी दोष आणि मग गुण. काका म्हणायचे, "कौतुक कुणालाही करता येतं. दोष सांगायला जीभ लागते." दोष न सांगता कोणी कौतुक केलं की त्याच्या ग्लासात पाणी ओतायचे.

मी त्या माणसांत फार सुखात होतो, याबद्दल खोटं बोलून उपयोग नाही. फेब्रुवारीत आम्ही नाशिकला गेलो. द्राक्षाच्या ओळींत उभं राहून मी पहिल्यांदा वाईनची द्राक्षं खाल्ली. छोटी, जाड सालीची, बियांनी भरलेली आणि इतकी गोड की हात चिकट झाले. तिथे टाकीतून काढलेली कोवळी लाल वाईन दिली. हिरडा चघळल्यावर तोंड आवळतं तशी ती आवळत होती. मी तसं म्हणालो, तर काकांनी ते वहीत लिहून घेतलं. उन्हाळ्यात ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेलो, ताजे बोंबील खाल्ले, आणि त्यांच्याबरोबर पांढरी वाईन का चालते हे कुणी न सांगता मला कळलं. कॉलेजात मला कोणी कधी काही विचारत नाही. इथे बाटली उघडली की सगळे माझ्याकडे बघायचे.

माझी आत्या ताम्हिणीला राहायची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर ती भाकऱ्या करायची. पावसाळ्यात पर्यटकांची रांग लागली की सकाळपासून अंधार पडेपर्यंत चुलीसमोर. तिचं स्वतःचं घरही रस्त्यालाच आहे, मोठी पडवी आहे. माझ्या सहलींबद्दल ऐकून ती एकदा म्हणाली, "तुझी ती मान्सं आन की माझ्याकडं जेवायला. त्यास्नी आवडलं तर चार जनास्नी सांगतील. माझ्याच पडवीत पंगत बसली, तर मी कशाला दुसऱ्याच्या चुलीवर मरू?"

मी सरांना विचारलं. काकांनाही कल्पना आवडली. त्यांच्या ओळखी दांडग्या होत्या आणि शनिवार-रविवारी बाहेर खायला निघणारी पुष्कळ माणसं त्यांना विचारूनच निघायची. त्यांनी आत्याला फोन करून स्वतः सांगितलं, "जेवण जमलं तर दर आठवड्याला माणसं पाठवतो." आत्याने ढाब्यावरून दोन दिवसांची सुट्टी मागितली. ढाबेवाला म्हणाला, "दोन कशाला, कायमचीच घ्या." तरी ती त्या दोन दिवसांत कामावर गेली नाही.

गणपती झाल्यावरच्या रविवारी आम्ही गेलो. पडवी सारवलेली होती. खेकड्यांचा रस्सा, भारंगीची भाजी, तांदळाची भाकरी, आंबेमोहराचा भात. खेकडे तिने आदल्या दिवशी स्वतः ओढ्यातून धरले होते, बोटाला चावल्याची खूण होती. पानं मांडायच्या आधी तिने मला आत बोलावलं आणि फडक्यात गुंडाळलेली एक बाटली हातात दिली.

"तू सांगितलं व्हतंस ना, द्राक्षं कशी कुस्करून ठेवतात. मी जांभळाची केली. बरनीत ठेवली व्हती तीन म्हैने. कुनाला सांगू नगो कुनी केली. आदी त्यांचं तोंड बघू दे मला."

मी बाटली बाहेर नेली. सरांनी हौसेने तिला पायमोजा घातला आणि सगळ्यांना थोडी थोडी ओतली. आत्या दारात उभी राहिली, हातात पळी.

काका म्हणाले, "आज यजमानांचा भाचा सुरुवात करेल."

मी वास घेतला. वाईन चांगली होती. किंचित आंबट, शेवटी जांभळाचा तुरटपणा, आणि मागे कुठेतरी लवंगेसारखं काहीतरी. आज इतक्या महिन्यांनीही ती चव मला आठवते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या मनात एकच आलं. बाटली आतून आली हे सगळ्यांनी पाहिलंय. घरची म्हणून मी सांभाळून घेतोय असं त्यांना वाटायला नको.

"ओल्या गोणपाटाचा वास," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं.

"खोकल्याचं औषध उन्हात विसरलं की असं होतं. आणि घोट गिळल्यावर जे मागे राहतं ना, ते घासायला राख लागेल."

आता सगळेच हसत होते. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला थांबता आलं असतं. पण हसू आलं की माणूस आणखी एक वाक्य शोधतो, तसं मी शोधलं. रश्श्याकडे बोट दाखवून म्हणालो, "बरं झालं, रश्श्यात एवढं तिखट आहे. कशाचीच चव लागायला नको, ही आमच्याकडची जुनी युक्ती."

काका डोळे पुसत म्हणाले, "झाले दोष. आता गुण सांग. रीत म्हणजे रीत."

मी ग्लास उजेडात धरला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "गुण एकच. बाटली लहान आहे."

इतकं हसू मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी आपला ग्लास संपवला आणि बाटली स्वतःकडे ओढून घेतली. ते मी पाहिलं, पण ते काय आहे याचा विचार केला नाही.

आत्या दारातून पुढे आली. "भात वाढू का?" तिने विचारलं. सगळ्यांना वाढला, मलाही वाढला, आणि माझ्या भातावर तूप घालायला विसरली नाही. लोक जेवले. भाकऱ्या पुन्हा मागितल्या. रस्सा चांगला झालाय असं दोघा-तिघांनी म्हटलंही असेल, पण तोवर ती आत गेली होती.

हात धुवायला मी मागच्या दारी गेलो, तर ती चुलीपाशी बसली होती.

"खरंच येवढं वाईट झालंय व्हय रं?" तिने विचारलं. रागाने नाही. मी डॉक्टर असतो तर जसं विचारलं असतं तसं.

तेव्हा सांगता आलं असतं. बाहेर कोणी ऐकत नव्हतं. पण बाहेर जे बोललो ते खोटं होतं असं कबूल करायला मला लाज वाटली, आणि ती लाज लपवायला मी मोठ्या माणसासारखा आवाज काढला.

"आत्या, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुला यातलं कळणार नाही. शहरातल्या माणसांना असलं नाही चालत. तुझी फजिती होईल, म्हणून सांगतोय."

"मंग बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "दुसरा कोन सांगनार? तू शिकलाईस त्यातलं."

निघताना काकांनी तिच्याकडून फोन नंबर पुन्हा खात्री करून लिहून घेतला. मॅडमच्या मांडीवर, झाकण सुती दोऱ्याने बांधलेला, रश्श्याचा डबा होता. गाडीत सगळे माझंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. मीही एकदा म्हटलं.

दिवाळीत भाऊबीजेला आत्या आमच्याकडे आली. आबांना ओवाळलं, माझ्या हातावर लाडू ठेवला, अभ्यासाचं विचारलं. जेवायला बसली, पण आईने केलेल्या भाजीत मीठ कमी आहे का असं विचारल्यावर म्हणाली, "मला इचारू नगा वैनी, मला काय कळत न्हाई त्यातलं." आई हसली. तिला वाटलं, नणंद गंमत करतेय. मी मान खाली घालून जेवलो आणि मनात ठरवलं की ती विसरली आहे.

त्यानंतर सरांचं लग्न झालं आणि ते हिंजवडीला फ्लॅटमध्ये राहायला गेले. मंडळींच्या सहली बहुतेक चालू असाव्यात, पण मला बोलावणं आलं नाही. मी दोनदा मेसेज केला. एकदा अंगठा आला. एकदा तोही नाही. परीक्षा आहे, बरंच झालं, असं मी स्वतःला सांगितलं. ताम्हिणीला मी गेलो नाही. ढाब्यावर तिची जागा दुसऱ्या बाईला दिली असं कानावर आलं होतं, तेव्हा वाटलं की आता ती घरीच पंगती घालत असेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

चैत्रात आबा मुठ्याला गावजत्रेला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, पाय धुतले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "आक्का भेटली." आत्याला ते आक्का म्हणतात. "हितंच हाय म्हनली मुठ्याला."

"जत्रेला आल्या होत्या?"

"जत्रेला न्हाई. कामाला हाय. ह्याच्या मंडळींतल्या त्या बाईंच्या बंगल्यावर सैपाकाला. मागच्या खोलीत ऱ्हाती. ताम्हिणीच्या घराला कुलूप हाय पौषापासनं."

मला वाटलं, ढाबा गेला म्हणून गेली असेल. मी तसं म्हणालो.

आबा माझ्याकडे वळले. ते मला कधी रागावत नाहीत. शिकलेल्या पोराला काय बोलावं, हे त्यांना कळत नाही असं ते म्हणतात.

"त्यो तुमचा बँकवाला सायेब," ते सावकाश म्हणाले, "त्यानं तिला दोन डाव फोन केला. एकदा दसऱ्याच्या आदी, एकदा नंतर. जेवन लई आवडलं म्हनला. बारा मान्सं पाठवतो म्हनला, तुमच्याच पडवीत जेवतील, जांभळाचं ते बी ठेवा."

"मग?"

"मंग काय. त्यो मोठा मानूस, माझं मन राखाय बोलतोय, असं वाटलं तिला. माझ्या भाच्यानं मला तोंडावर खरं सांगितलंय म्हनली, चालत न्हाई म्हनून. बंगल्यावर बरं म्हनली, तितं बाई सांगती तसं करायचं, वाईट झालं तर नाव बाईचं." आबांनी कप खाली ठेवला. "दोन्ही डाव न्हाई म्हनली ती त्याला."