कोंबड्यांसाठी सोयाबीन भाजताना

चार माणसं एका शेडमध्ये वर्षानुवर्षं सोयाबीन भाजत राहिली, की गोष्टी आपोआप साठतात. मी घरी सांगायला बसले की नवरा विचारतो, "तुमच्या तिथं काम कधी होतं?"

आमची शेड वरवे बुद्रुकला. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना नीट पचत नाही, पिल्लं खुरटतात. म्हणून ते फिरत्या ड्रममध्ये भाजायचं. कमी भाजून चालत नाही, आणि करपलं तर सत्त्व जातं. भाजतात बबनतात्या, तपासते मी.

*

तात्या पहिल्यांदा आले तेव्हा मालकांनी विचारलं, "अनुभव काय?"

"तीस वर्षं जत्रंत फुटाणे भाजलं."

"इथं खाणाऱ्या कोंबड्या आहेत, तात्या."

"मग बेस झालं. मीठ कमी हाय म्हणून कोण वरडणार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तात्या कामावर.

*

माल भाजत आला की तात्या एक दाणा दाढेखाली फोडतात, आवाज ऐकतात आणि म्हणतात, "झालं." मालकांना हे अडाणीपणाचं वाटायचं. त्यांनी ड्रमला महागडा डिजिटल मीटर बसवला. पाहुणा आला की आधी मीटर, मग चहा.

तो मीटर बिघडला आणि एकाच आकड्यावर अडकला. हे आमच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. तात्यांच्या दाढेवर माल रोज पास होत होता.

तात्यांची दाढ काढायची ठरली, तेव्हा मात्र मालक स्वतः गाडी घेऊन नसरापूरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांना म्हणाले, "दुसऱ्या बाजूची शाबूत आहे ना, तेवढं बघा."

*

एकदा पुण्याहून एक तज्ज्ञ पाहणीला आले. वहीत लिहिता लिहिता त्यांनी गरम दाण्यांच्या तीन मुठी संपवल्या. निघताना गंभीरपणे म्हणाले, "दर्जा ठीक आहे. पण पक्ष्यांना रुचतंय का, ते बघावं लागेल."

तात्या मला हळूच म्हणाले, "पक्ष्यांचं म्हाईत न्हाई, सायबाला रुचलं."

*

आणि काशीबाई. पासलीच्या. आमचं सोयाबीन नेऊन घरच्या मक्यात कालवायच्या आणि पिल्लं वाढवायच्या. एका सकाळी एसटीनं आल्या आणि पिशवीतून एक पिल्लू काढून मालकांच्या टेबलावर ठेवलं. मुठीएवढं.

मालक म्हणाले, "मावशी, आमचा माल तपासलेला असतो. तुमच्याकडचं पाणी खराब असेल."

काशीबाई वाद घालत बसल्या नाहीत. पिशवीतून दुसरं पिल्लू काढलं. दुपटीनं मोठं.

"दोगं एकाच दिवशी आणल्यात. पानी बी एकाच हिरीचं. ह्ये जावंचं, तिनं दुसरीकडचं खाद्य घातलं. आन् ह्ये माजं."

मग पदरातून आमचे मूठभर दाणे काढून माझ्यापुढे ठेवले. मी चुरा करून त्यावर तपासणीचं औषध टाकलं. कच्चं असेल तिथं लाल होतं. सगळी बशी लाल झाली.

मालक माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, रिपोर्ट जरा विचार करून लिहा."

माझा पेन हातातच राहिला. पाचवीतल्या मुलीची फी, नवऱ्याची सुटलेली नोकरी, सगळं एकदम आठवलं. तेवढ्यात दारातून तात्या बोलले, "त्या दिवशी लाईट गेलती. ड्रम थांबला. खालचं करपलं, वरचं कच्चं ऱ्हायलं. मालक म्हनले, टेम्पो उबा हाय, ताईच्या तपासनीला थांबू नका, करपल्यालं निवडून बाकीचं भरा. म्या भरलं. चूक माजी बी हाय."

मी रिपोर्टात 'कच्चं' असं लिहिलं.

शेवटी मालकांनी नवी पोती टेम्पोत चढवायला सांगितली, थेट पासलीपर्यंत. काशीबाईंनी मोठं पिल्लू पिशवीत घातलं. खुरटलेलं टेबलावरच ठेवलं.

"ह्ये ऱ्हाऊ द्या हितं. फुडचा माल आदी ह्याला घाला, मग आमाला धाडा."

त्या गेल्या. पिल्लू मालकांच्या बिलबुकावर चढून चोच मारायला लागलं. मालक त्याच्याकडे बघत राहिले. मग मला विचारलं, "ताई, हे खातं काय?"