उडत्या माणसाचा जुळा भाऊ

“उडता येतं ना याला? मग जिन्याने कशाला चढतोय मेला?”

मागच्या रांगेतून आलेला हा प्रश्न अगदी रास्त होता. पाचच मिनिटांपूर्वी ज्याने एक आख्खा पूल एका हातावर तोलून धरला होता, तो पडद्यावरचा चंदेरी कपड्यांतला माणूस आता धापा टाकत तीन मजले चढत होता. प्रश्न विचारणारे इब्राहिमचाचा मांडवीत आमच्या शेजारी राहत. त्यांनी तीस वर्षं बोटीवर इंजिनात काढली होती. अंगात यंत्र असताना माणसाने ते बंद का ठेवावं, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. आणि ते काम माझं आहे, असं थिएटरातल्या निदान चार रांगांनी गृहीत धरलं होतं.

“काय गो मीना, का चढतोय?” शेजारून इंदूआत्याने विचारलं.

“कोणाला कळू नये म्हणून,” मी पुटपुटले.

“कोणाला कळू नये म्हणून!” आत्याने मागे वळून जाहीर केलं.

मागच्या रांगा “अस्सं!” म्हणाल्या.

आत्याचा आवाज हा केळशीचा आवाज. आपल्या खळ्यातून ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या जावेला हाक मारायची, आणि तिने तिकडून भाजी काय केली ते सांगायचं, अशा रोजच्या व्यवहारात तो तयार झालेला. कुजबुजण्यावर आत्याचा विश्वासच नव्हता. त्यामुळे मी तिच्या कानात जे सांगे, ते दुसऱ्या क्षणी बाल्कनीपर्यंत पोचे. माझा आवाज आयुष्यात कधी एवढ्या लांब गेला नव्हता.

आत्या रत्नागिरीला सिनेमा बघायला आली नव्हती. ती मला बघायला आली होती! तिची सुमी चौथी पास झाली होती. जूनपासून तिला आमच्याकडे ठेवावं आणि मी शिकले त्या इंग्रजी शाळेत घालावं, असं आत्याच्या मनात होतं. पण नारळ घेतानासुद्धा कानाशी हलवून बघणारी बाई ती. इंग्रजी शाळेतून आत पाणी आहे असा माल बाहेर पडतो का, हे तिला आधी बघायचं होतं. नारळ अर्थात मी.

आता मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि घरात पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन बसत होते. आत्याने दोन दिवस मला हलवून बघितलं. काही आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी मांडवीतून लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा गेली. रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर, अवकाशातून आलेलं भयानक संकट, उडता माणूस, सहकुटुंब पाहा! आणि बाबांना स्फुरण चढलं.

“चला! सगळे जाऊ. मीना समजावून सांगेल एकेक वाक्य!”

बाबा मिरजोळ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात होते. आपली मुलगी फाडफाड इंग्रजी बोलते, हे त्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. (मी बाबांसमोर इंग्रजीतलं एकही वाक्य कधी बोलले नव्हते. तसं मराठीतलीही मोजकीच.) त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, हीही एक अडचण होतीच.

खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मी प्रामाणिक होते. पण मला येत होतं ते आमच्या मिसचं इंग्रजी. मिस प्रत्येक शब्द धुऊन, पुसून, वेगळा ठेवत. पडद्यावरची माणसं मात्र तोंडात गुळणी धरल्यासारखी बोलत होती. त्यात वर पंख्यांची घरघर आणि पत्र्यावर तापलेलं मे महिन्याचं ऊन. दहाव्या मिनिटाला एक वाक्य निसटलं. मी अंदाजाने सांगितलं. मग दोन निसटली. मग मी बघितलं, की अंदाज केला काय आणि ऐकलं काय, आत्याला सारखाच आनंद होतो आहे. विसाव्या मिनिटाला मी ऐकणं सोडून दिलं.

गोष्ट, माझ्या मते, अशी होती: एक शास्त्रज्ञ. त्याच्या अंगावर आकाशातून हिरवा उजेड पडतो आणि तो उडायला लागतो. तिकडे एक काळी, ताटासारखी गोल बोट आकाशात येते आणि समुद्राचं पाणी शोषून घेते. बोटीच्या आत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तो कोण, ते त्याने स्वतः चांगलं पाच मिनिटं सांगितलं. मला काही कळलं नाही.

“कोण गो तो?”

“त्याचे गुरुजी.”

“मास्तर आहे त्याचा!” आत्याने जाहीर केलं.

“मग बरोबर,” मागून कोणीतरी म्हणालं. “मास्तर असेच असतात.”

“पण मी काय म्हणतो,” इब्राहिमचाचा पुढे वाकले, “समुद्र आटवायला निघालाय हा, आणि तिथले मच्छीवाले गप्प? एकही होडी नाही दिसत?”

“काय गो, अमेरिकेत कोळी नसतात?”

“पावसाळा आहे तिकडे. होड्या वर ओढून ठेवल्यात,” मी म्हणाले.

चाचांचं समाधान झालं. माझंही झालं! मला वाटतं, तिथेच माझा तोल गेला. जन्मात पहिल्यांदा मी बोलत होते आणि माणसं पुढे वाकून ऐकत होती. वर्गात उत्तर येत असतानाही हात वर न करणारी मी, अंधारात चार रांगा सांभाळत होते. अंधारात बरं असतं. कोणी तोंडाकडे बघत नाही.

एकच भीती होती. आमच्या पुढच्या रांगेत पिवळा टी-शर्ट घातलेला एक चाकरमानी बसला होता आणि तो सुरुवातीलाच मोठ्याने म्हणाला होता, “आपण हा मुंबईत बघितलाय.” मी काहीही ठोकलं की माझं लक्ष त्याच्या मानेकडे जाई. पण ती मान दर वेळी डोलत होती. कोळ्यांच्या वेळी तर त्याने शेजाऱ्याला सांगितलं, “बरोबर. पावसाळाच आहे.” त्याला मुंबईतही काही कळलं नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मध्यंतरात दिवे लागले आणि मी परत लहान झाले. बाबा वडे घेऊन आले ते मिरवणुकीतून आल्यासारखे. वाटेत दोघा-तिघांनी त्यांना “मुलगी तुमची का?” असं विचारलं होतं.

आत्याने वडा हातात घेतला आणि निकाल सांगितला. “ठरलं हो दादा. सुमीला जूनपासून तुझ्याकडे ठेवत्ये. एवढं येत असेल तर हवंय कशाला!”

सुमी तिच्या पलीकडे बसली होती. ही मुलगी तीन दिवस सतत बोलत होती. केळशीच्या शाळेत ती नाटकात राजाचं काम करते, बाईंना उलट प्रश्न विचारते, समुद्रावर मासे मारणाऱ्या गाबितांच्या पोरांशी भांडते, हे सगळं मला तिने स्वतः सांगितलं होतं. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“ताई, तिथे मराठीत बोललं तर बाकावर उभं करतात?”

“कोण म्हणालं?”

“मामी.”

मामी म्हणजे माझी आई, आणि तिने खरं तेच सांगितलं होतं. मीही तिसरीत आमच्या गावच्या, वाटदच्या मराठी शाळेतून तिथे गेले, ती बडबडी होते म्हणतात. पहिल्या आठवड्यात दोनदा बाकावर उभी राहिले. मग एक सोपा उपाय सापडला: बोलायचंच नाही. मराठीत नको, इंग्रजीतही नको. तो उपाय इतका लागू पडला की अजून चालू आहे.

हे सगळं सुमीला सांगायचं माझ्या ओठांवर आलं. पण दिवे लागलेले होते आणि बाबा हसत होते.

“नाही करत,” मी म्हणाले. त्या सकाळी मी पुष्कळ खोटं बोलले, पण त्याची लाज वाटली ती या एकाच वाक्याची.

मध्यंतरानंतर पिक्चरने मान टाकली. पहिल्याच दृश्यात उडता माणूस काळ्या बोटीसकट समुद्रात कोसळला. मास्तरही गेला. मग काळे कपडे, झेंडा, रडणारी सोनेरी केसांची बाई.

“गेला?” आत्याने विचारलं.

“गेला.”

“गेला हो!” थिएटरात हळहळ पसरली. आत्याने पदर डोळ्यांना लावला. चाचा म्हणाले, “आता अजून तासभर काय दाखवणार?”

तेवढ्यात पडद्यावर उडता माणूस टेबलाशी बसून अंडं खाताना दिसला.

चार रांगांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“हा... जुळा भाऊ,” मी म्हणाले.

“जुळा भाऊ आहे त्याचा!”

केवढा सुस्कारा सुटला! “वाटलंच मला,” पिवळा टी-शर्ट म्हणाला. पण संकटं एकटी येत नव्हती. दुसऱ्याच मिनिटाला दाढीवाला मास्तर चालत आत आला.

“आता ह्याचाही जुळा?”

“नाही. आठवण. तो आठवतोय.”

“कोण आठवतोय?”

“भाऊ.”

“भावाला भावाचा मास्तर कशाला आठवेल?”

“दोघं एकाच वर्गात होते,” मी म्हणाले. जुळे म्हटल्यावर ते ओघानेच आलं. आत्याने ते पुढे कळवलं आणि लोकांना पटलं. मला घाम फुटला होता. पण तरीही गाडं निभावलं असतं, जर त्याच वेळी सोनेरी केसांची बाई आली नसती. ती आली, काळे कपडे टाकून निळ्या झग्यात, आणि तिने त्या जुळ्या भावाला मिठीच मारली.

“अगो!” आत्या किंचाळली. “वहिनी ना ती त्याची!”

थिएटर ढवळून निघालं. मागून कोणीतरी जोरात शिट्टी मारली. ती कौतुकाची नव्हती.

“तेरावा तरी होऊ द्यायचा!”

“आमच्यात बायको चार महिने घराबाहेर पडत नाही,” चाचा म्हणाले. “आणि ही बघा!”

“आणि तो! भाऊ समुद्रात गेला, आणि हा अंडी खातोय!”

“तरी मी म्हणत होत्ये, चेहऱ्यावरनं हा पहिल्यासारखा नाही वाटत,” आत्या म्हणाली. (चेहरा तोच होता!)

इतक्यात पडदा पांढरा झाला, दिवे लागले आणि खांद्यावर नॅपकिन टाकलेले मॅनेजर पडद्यापुढे येऊन उभे राहिले.

“मंडळी, जरा गडबड झाली. शेवटचं रीळ आधी लागलं. आता मधलं पहिल्यापासून बरोबर लावतो. तो माणूस अजून मेलेला नाही.”

“मेलाय!” चार रांगा ओरडल्या.

“अहो, शेवटी मरतो. आता जिवंत आहे.”

“तो जुळा भाऊ आहे!”

मॅनेजरांनी नॅपकिनने तोंड पुसलं. “कसला जुळा भाऊ?”

“आम्हाला शिकवू नका,” पिवळा टी-शर्ट उठून उभा राहिला. “आपण मुंबईत बघितलाय. जुळाच आहे.”

“रडलो आम्ही त्याच्यासाठी!” आत्या म्हणाली. “आता म्हणे जिवंत आहे!”

“आहे तस्सं चालू द्या! त्या बाईचं पुढे काय होतं ते दाखवा!”

“पण असं सांगितलं कोणी तुम्हाला?” मॅनेजर हात जोडून म्हणाले.

तेव्हा बाबा उभे राहिले. गर्दीत बाबा कधीच उभे राहत नाहीत. माझा स्वभाव मी कुठून घेतला असं विचारलं तर आई त्यांच्याकडेच बोट दाखवते. पण ते उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “माझ्या मुलीने सांगितलं. ती इंग्रजी शाळेत शिकलेली आहे. तिलाच विचारा.”

सगळं थिएटर वळलं. अंधार नव्हता.

“ऊठ गो,” आत्याने माझ्या दंडाला धरून मला उभं केलं. “सांग त्यांना इंग्रजीतनं!”

मी उभी राहिले. थेट बाकावर उभी राहिल्यासारखी. खाली बघितलं तर सुमी माझ्याकडे बघत होती. माझ्या उत्तरावर आपला जून महिना अवलंबून आहे, हे तिथे फक्त तिला आणि मला माहीत होतं. अजून एकदा “जुळा भाऊ” म्हटलं असतं तर बाबांचं नाक वर राहिलं असतं, थिएटरही माझ्या बाजूने होतं, आणि राजाचं काम करणारी ती मुलगी पुढच्या वर्षी माझ्याशेजारी स्वयंपाकघरात येऊन बसली असती.

मी तोंड उघडलं. आणि घाबरून, अक्षरशः घाबरून, जे बाहेर पडलं ते इंग्रजीत!

“आय डिड नॉट अंडरस्टँड अ सिंगल वर्ड.”

मिसचं इंग्रजी. धुतलेलं, पुसलेलं, एकेक शब्द वेगळा. आणि टाळ्या पडल्या! चाचा “वाहवा” म्हणाले. पिवळ्या टी-शर्टने मान डोलावली, “हेच तर मी म्हणत होतो.” बाबांचे डोळे भरून आले. आत्याने सुमीला हलवून हलवून सांगितलं, “ऐकलंस? कसं फाडफाड बोलली! जूनपासून तूही अशीच बोलशील.” आणि मग माझ्याकडे वळून, चार रांगांच्या वतीने, तिने विचारलं, “काय म्हणालीस गो त्याला?”

सकाळपासूनच्या माझ्या सगळ्या भाषांतरांत अचूक असं हे एकच झालं, आणि ते पुढे कळवायला आत्याचीही गरज पडली नाही.

“आत्या, मी म्हणाले, मला ह्यातलं एक अक्षरही कळलं नाही. आणि सुमीला केळशीलाच राहू दे.”