बाबांना पाच अक्षरांचा शब्द सुचला नाही

मंडळी, आज सकाळचं सांगते. माझे बाबा भोईवाड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. वर्षभरापासून त्यांना विसरायला होतंय. म्हणून रोज चहानंतर आम्ही मोबाईलवर शब्दांचा खेळ खेळतो. कालपर्यंत दोन-तीन शब्द तरी सांगायचे.

आज मी विचारलं, "बाबा, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगा. त्यात टी आणि एच हवेत."

त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. मग ओशाळून म्हणाले, "बाई, मला नाही हो इंग्रजी येत. माझ्या मुलीला विचारा. तिला मी शिकवलंय."

"बरं, विचारते," म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आलीय? 'मीच ती मुलगी' असं सांगायचं, की नाही सांगायचं?